नवजातांची राखण

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास कापूरहोळ हे गाव बहुधा एक फाटा म्हणूनच ठाऊक असते. येथून उजव्या हातास वळले की भोर, आणि डाव्या हातास वळले की नारायणपूर, पुरंदर व सासवड. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात या लहानशा गावाचे नाव एका निराळ्याच कारणाने राहिले आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृती त्यानंतर ढासळत गेली, बाळास अंगावर पाजणे त्यांस जमेना, आणि तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे या बाईस दूधआई म्हणून गडावर आणण्यात आले, अशी परंपरा आहे. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर, म्हणजे वेल्ह्याच्या मुलखात, निवर्तल्या. मूल मात्र जगले, वाढले आणि छत्रपती झाले. स्वराज्यासाठी मावळच्या खोऱ्याखोऱ्यांतून जे लढले त्यांची नावे आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतो. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जी राखण झाली तिचा इतिहास मात्र कोणी शिकवीत नाही. नुकत्याच जन्मलेल्या जीवास रोगसंसर्गापासून कसे वाचवावे, हा त्या राखणीचा सर्वांत कठीण भाग होय, आणि त्याचीच हकीगत येथे सांगण्याचे योजिले आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथालयात नव्हे. काही दिवसांपूर्वी आमच्या आप्तांपैकी एका घरी अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले, व त्यास पुण्यातील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. आम्ही भेटीस गेलो. दाराशी एका तरुण परिचारिकेने आम्हांस अडविले. "काका, आधी घड्याळ आणि अंगठी काढा, कोपरापर्यंत हात धुवा, आणि तरीही आज बाळाला हात लावता येणार नाही." तीस वर्षे विद्यार्थ्यांस शिस्त शिकविणाऱ्या मनुष्यास दुसऱ्याची शिस्त एवढी बोचावी, याचे आम्हांस नवल वाटले, पण बोचली खरी. बाहेर बाकावर येऊन बसलो तो शेजारी वेल्ह्याकडील एक तरुण शेतकरी बसलेला. त्याचे तीन दिवसांचे मूल रुग्णवाहिकेतून येथे आणले होते. बाळंतीण अशक्त, म्हणून ती तिकडेच राहिली होती. तो म्हणाला, "आईचं दूध आणा म्हणत्यात. आई ऱ्हायली तिकडं. म्या आणू कुठनं?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. परंतु परिचारिकेचा नियम आणि या बापाचा प्रश्न यांचे मूळ एकच आहे, हे पुढे वाचन करू लागल्यावर ध्यानात आले.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, नवजात अर्भक रोगजंतूंस इतके सहज का बळी पडते. मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भास पोहोचतात, पण त्यांचा मोठा वाटा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पोहोचतो. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले मूल म्हणूनच जवळजवळ निःशस्त्र जन्मास येते. त्याची त्वचा कागदाहून नाजूक; नाळ कापलेली जागा ही तर उघडी जखमच. निसर्गाने या उणिवेवर योजिलेला उपाय म्हणजे पहिल्या दिवसांचा चीक. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात, व ती मुलाच्या आतड्यावर जणू लेप देऊन जंतूंस आत शिरू देत नाहीत. शिवाय मातेचा सहवास घडला म्हणजे तिच्या अंगावरील निरुपद्रवी जंतू मुलाच्या अंगावर प्रथम वस्तीस येतात, आणि घातक जंतूंस तितकी जागा कमी उरते.

आमच्या पूर्वजांस जंतू ठाऊक नव्हते, पण भय पुरेपूर ठाऊक होते. पाचव्या रात्री पाचवीचे पूजन व सहाव्या रात्री सटवाईचे. पाटावरवंटा मांडावयाचा, कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, कारण त्या रात्री देवी येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते. आणि घरच्या बायांनी जागरण करावयाचे. हीच रात्र का निवडली गेली असेल? विळ्याने किंवा बांबूच्या कपटीने नाळ कापली, वर राख वा शेण लावले, म्हणजे अर्भकास जो धनुर्वात होतो तो बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकट होतो. पाच दिवस चांगले प्यालेले मूल एकाएकी तोंड उघडीनासे होते, आणि अंग ताठरते. पिढ्यानुपिढ्या हे पाहिलेल्या स्त्रियांनी त्या दिवसांभोवती देवतेचे भय उभे केले असावे, असा आमचा तर्क आहे.

जुन्या चालींत शहाणपण नव्हतेच असे मात्र नव्हे. सुश्रुताने प्रसूतीच्या वेळी वयस्क, अनुभवी अशा चार स्त्रिया असाव्यात, व त्यांनी नखे कापलेली असावीत, असे सांगितले आहे. नखांचा हा उल्लेख आधुनिक शल्यगृहातील नियमावलीत शोभेल असा आहे. सोयराच्या दहा दिवसांत परक्याने बाळंतिणीस शिवू नये, ही रूढी अस्पृश्यतेच्या कल्पनेतून आली असली तरी तिने संसर्गास काही प्रमाणात आळा घातला असेल. उलट पक्षी, याच घरांतून चीक अशुद्ध म्हणून पिळून टाकीत, आणि मुलास बोटाने मध चाटवीत. एकीकडे दार लावून घ्यावयाचे आणि दुसरीकडे बाळाचे चिलखत काढून घ्यावयाचे, असा हा प्रकार होता.

त्याची किंमत किती जबर होती हे सांगण्यास एकच घर पुरे आहे. आनंदीबाई जोशी यांस वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला, आणि तो अवघा दहा दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळती तर मूल वाचले असते, ही सल त्यांच्या मनात राहिली, आणि तीच त्यांस समुद्रापार फिलाडेल्फियाला घेऊन गेली. १८८६ साली वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधास विषय निवडला तो हिंदू आर्यांतील प्रसूतिशास्त्र हा! २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. ज्या ज्ञानासाठी त्या गेल्या ते युरोपातही तेव्हा नवेच होते, आणि तेथेही ते सुखासुखी मिळालेले नव्हते. ती कथा व्हिएन्नाची आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायांची संख्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असे, व पुष्कळदा त्यांची मुलेही त्याच तापाने जात. इग्नात्स सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने याचा माग काढला. त्याचा स्नेही कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी बोटास सुरीचे टोक लागून मरण पावला, आणि त्याच्या देहात सूतिकाज्वराचीच लक्षणे दिसली. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत. विष त्यांच्या हातांवरून येत होते. मे १८४७ मध्ये सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरांत अठरा बाया दगावल्या होत्या, जूनमध्ये दोन. इतका ढळढळीत पुरावा असूनही त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. सद्गृहस्थाचे हात मृत्यू वाहून नेतात हे ऐकणे प्रतिष्ठित डॉक्टरांस अपमानास्पद वाटले. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात सेमेलवाइसचा अंत झाला. त्या परिचारिकेच्या नियमाने आम्ही दुखावलो होतो, तेव्हा आमच्या अंगी त्या डॉक्टरांचाच अंश संचारला होता, हे आता कबूल केले पाहिजे.

पुढे पाश्चर व लिस्टर यांच्या कार्याने जंतूंचे अस्तित्व सिद्ध झाले, आणि १८८१ साली लाइप्त्सिगच्या क्रेडे याने नवजातांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब घालण्याची युक्ती प्रसिद्ध केली. जन्मतः डोळ्यांस होणारा जो संसर्ग पूर्वी शंभरांत दहा मुलांस होई, तो त्याच्या रुग्णालयात एकावरही राहिला नाही, आणि असंख्य मुले आंधळी होण्यापासून वाचली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये तार्निए याने कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन अशक्त मुलांसाठी उबेची पेटी बनविली. दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचे मृत्यू तिच्यामुळे शेकडा ६६ वरून ३८ वर आले. आपल्याकडे आज "बाळाला काचेत ठेवलंय" असे लोक म्हणतात, ती काच ही.

येथूनच या इतिहासास एक वळण लागते. पेटीने ऊब दिली, पण पेट्या एका दालनात ओळीने मांडल्या गेल्या. ज्यांच्या अंगी प्रतिकाराची शक्ती नाही अशी पन्नास मुले एका छपराखाली आणली म्हणजे एकाचा संसर्ग पन्नासांस होण्यास एक हात, एक बाटली किंवा एक टॉवेल पुरतो. तार्निएचा शिष्य बुदँ याने हे ओळखले. आजारी मुले निरोगी मुलांपासून वेगळी ठेवावीत, मातेचे दूध द्यावे, आणि मातेस मुलापासून तोडू नये, असा त्याचा आग्रह होता. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालयांनी त्यातले पहिले तेवढे उचलले. संसर्ग बाहेरून येतो, आई बाहेरची, म्हणून आईला काचेपलीकडे उभे करण्यात आले, आणि तिच्या दुधाऐवजी बाटली आली. संसर्ग थांबला नाही. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील बालकक्षांत स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या साथीमागून साथी आल्या. मुलांस हेक्साक्लोरोफीन या जंतुनाशकाने आंघोळ घालण्याचा प्रघात पडला, व ते मेंदूस अपाय करते असे आढळल्यावर १९७० नंतर लवकरच तो सोडावा लागला. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रभावी औषध नवजातांस मोठ्या प्रमाणात दिले असता मुले राखी पडून मरतात, हे १९५९ साली ध्यानात आले. १९७० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी, हात धुऊन आत आलेल्या मातांमुळे संसर्ग वाढत नाही, असे दाखवून दिले. ज्या आईला दाराबाहेर ठेवले होते ती निर्दोष ठरली.

कोणी म्हणेल की, प्रतिजैविके आल्यावर ही सारी चिंता कशाला? याचे उत्तर दिल्लीहून आले आहे. तेथील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या मुलांची नोंद ठेवून २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे नवजातांच्या रक्तात सापडणारे प्रमुख जंतू अॅसिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला हे असून, त्यांतील पुष्कळ जंतू अनेक प्रतिजैविकांस दाद देत नाहीत, असे तीत आढळले. हे जंतू ओल्या जागी राहतात: बेसिनच्या नळीत, श्वास देणाऱ्या यंत्राच्या पाण्यात, अनेकांसाठी वापरल्या जाणाऱ्या सलाइनच्या बाटलीत, आणि धुण्याचा कंटाळा केलेल्या हातांवर. औषध जितके सरसकट वापरावे तितका जंतू निबर होतो. म्हणजे १८४७ साली जो उपाय एकमेव होता, तोच पुन्हा पहिला ठरला आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. कारण या इतिहासातील दोन मोठी पाने येथे लिहिली गेली. पहिले मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात. तेथे येणारी मुले धारावीच्या व आसपासच्या गरीब वस्त्यांतली, जागा अपुरी, परिचारिका मोजक्या, आणि जंतुसंसर्ग हा नित्याचा पाहुणा. नवजात विभागाच्या प्रमुख डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी परदेशी सामग्रीची वाट न पाहता बाटली व भुकटीचे दूध बाजूस सारले, मातांस विभागात आणून मुलांची शुश्रूषा त्यांच्याच हाती दिली, आणि ज्या मुलास आईचे दूध मिळू शकत नाही त्यास दुसऱ्या मातेचे मिळावे म्हणून १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापिली. आशिया खंडातील ही पहिली मानली जाते. जगातील पहिली पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली होती. सेमेलवाइसच्याच गावी ती निघावी, हा योगायोग चित्तवेधक आहे. पेढीत दूध देणाऱ्या मातेची प्रथम तपासणी होते, मग ते दूध ६२.५ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर अर्धा तास ठेवून जंतुरहित करतात, आणि गोठवून साठवितात. या उष्णतेने रोगप्रतिकारक द्रव्ये काही अंशी कमी होतात, तरीही गाईच्या दुधाहून वा भुकटीहून ते अपुऱ्या दिवसांच्या मुलास कितीतरी हितकर. आमच्या दृष्टीने ही पेढी म्हणजे अनेक धाराऊंचे दान एकत्र करून, नाव न पुसता गरजवंतास पोहोचविण्याची व्यवस्था होय.

दुसरे पान महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीत, लिहिले गेले. तेथे रुग्णालय दूर आणि प्रसूती घरीच होत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकविले. मूल तोलावे कसे, ऊब कशी राखावी, जंतुदोष कोणत्या खुणांनी ओळखावा, आणि प्रसंगी जेंटामायसिनचे इंजेक्शन कसे द्यावे, हे त्या शिकल्या. या गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे ६२ होते. तीन वर्षांत ते सुमारे २५ वर आले. उपचारापूर्वी जंतुदोष झालेल्या शंभर मुलांपैकी सोळा-सतरा दगावत. उपचारानंतर तीनही नाहीत. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून सरकारने नवजातांच्या घरभेटींची योजना देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली. भोर आणि वेल्ह्यातील गावांतही आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहावयास जाते ती याच योजनेनुसार. सटवाईच्या रात्रीनंतर लगेच सातव्या दिवशी तिने उंबरठा ओलांडावा, यात आम्हांस एक समाधान वाटते.

एकंदर प्रगती नाकारता येत नाही. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. सरकारी नमुना पाहणीप्रमाणे २०२० साली पहिल्या महिन्यातील मृत्यू देशात दर हजारी २० व महाराष्ट्रात ११ होते. परंतु सरासरीचा आकडा घाटमाथ्यावरील वाडीची हकीगत सांगत नाही. पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले, वेळवंडी, आंबी आणि मोसे या नद्यांवर धरणे झाली, रस्ते आले. तरी राजगड-तोरण्याच्या कुशीतील वस्तीवरून मुसळधार पावसात पुणे गाठणे आजही खडतर आहे. आणि मूल गाठते तेव्हा पुष्कळदा एकटेच गाठते.

येथे त्या बापाच्या प्रश्नाकडे परत येणे भाग आहे. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरी डॉ. एद्गार रे यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत आणि गर्दीत संसर्ग बोकाळे. त्यांनी लहानग्या मुलास आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारूवरून तिला नाव पडले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांतून याची कसोटी झाली, व तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एक किलो ते सुमारे पावणेदोन किलो वजनाची मुले जन्मापासूनच आईजवळ ठेवली असता, म्हणजे आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकली असता, मृत्यूचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आले, व जंतुसंसर्गही कमी झाला. याचा अर्थ स्पष्ट आहे. वेल्ह्याहून आलेल्या त्या मुलास यंत्र मिळाले, तज्ज्ञ मिळाले, औषध मिळाले. पण संसर्गाविरुद्धची जी दोन साधने इतिहासाने पारखून दिली, आईचे दूध व आईचा स्पर्श, ती पन्नास-साठ किलोमीटर मागे राहिली.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, तालुक्याहून आजारी मूल हलविताना बाळंतीणही त्याच रुग्णवाहिकेत बसावी, आणि तिच्यासाठी मोठ्या रुग्णालयात एक खाट राखलेली असावी. ती येईपर्यंत दुग्धपेढीचे दूध मिळावे. हे औदार्य म्हणून नव्हे, उपचाराचा भाग म्हणून व्हावे. आणि आम्हां सुशिक्षित कुटुंबांकडेही एक काम येते. बाळ पाहावयास झुंडीने जाऊ नये. गेलोच तर अंगठी काढावी, हात धुवावे, आणि अडविणाऱ्या मुलीवर रागावू नये.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या दाराशी गेलो, तेव्हा हात न सांगता धुतले. बाकावरचा शेतकरी तेथे नव्हता. बाळंतिणीला आणावयास तो शेवटच्या एस्‌टीने वेल्ह्यास गेल्याचे कळले.